दुसरा सर्व्हर होता, तरी काम का थांबलं?

बँकेच्या काउंटरवर, तहसील कार्यालयात, रुग्णालयाच्या बिलिंगच्या खिडकीपाशी एक वाक्य आपण सगळ्यांनीच ऐकलेलं आहे : ‘सर्व्हर डाउन आहे, थोड्या वेळानं या.’ मग रांगेतलं कोणीतरी वैतागून विचारतं, ‘अहो, एवढा मोठा कारभार तुमचा, एक जादा सर्व्हर घेऊन ठेवता येत नाही का?’

प्रश्न रास्त आहे. पण बहुतेक मोठ्या ठिकाणी तो जादा सर्व्हर घेतलेलाच असतो. तो शेजारच्या रॅकमध्ये किंवा दुसऱ्या इमारतीत रात्रंदिवस चालू असतो आणि त्याच्यावर भरपूर पैसाही ओतलेला असतो. तरी काम थांबतं. कारण जादा यंत्र विकत घेणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग आहे. ते यंत्र नेमकं कधी पुढे यायचं आणि कधी मुळीच यायचं नाही, हे ठरवणं फार अवघड आहे. हे प्रकरण त्या ठरवण्याबद्दल आहे.

आपण बोलणार आहोत ते संस्थेच्या स्वतःच्या जागेत, स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये चालणाऱ्या यंत्रणांबद्दल. क्लाउड कंपन्यांनाही हेच प्रश्न सोडवावे लागतात, पण ते आपल्या नजरेआड सुटतात. स्वतःच्या सर्व्हर रूममध्ये वीज, एसी, वायरी, डिस्क आणि चुका सगळ्या आपल्याच असतात.

तीन शब्द आधी समजून घेऊ. एकच काम मिळून सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या गटाला क्लस्टर म्हणतात. गटातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे एक नोड. एक नोड पडला की दुसऱ्यानं त्याचं काम उचलायचं, याला फेलओव्हर म्हणतात.

१. नऊच्या आकड्यांचा हिशोब

‘आमची यंत्रणा ९९ टक्के वेळ चालू असते’ हे ऐकायला छान वाटतं. पण वर्षाचे तास असतात ८,७६०. त्यांतला एक टक्का म्हणजे ८७ तासांहून जास्त, म्हणजे साडेतीन दिवस काम बंद. ९९.९ टक्के म्हटलं तर बंद राहण्याचा वेळ वर्षाला पावणेनऊ तासांवर येतो, ९९.९९ टक्क्यांना सुमारे ५३ मिनिटांवर आणि ९९.९९९ टक्क्यांना सव्वापाच मिनिटांवर. या शेवटच्या पातळीला या धंद्यातले लोक ‘फाइव्ह नाइन्स’ म्हणतात.

आता ९९ टक्केवाले दोन सर्व्हर घेऊ. दोघांपैकी एक जरी चालू असला तरी काम चालतं असं धरू. एक बंद असण्याची शक्यता शंभरात एक. दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची शक्यता शंभरातल्या एकाचा शंभरावा भाग, म्हणजे दहा हजारांत एक. वर्षाला ८७ तासांवरून आपण एकदम ५३ मिनिटांवर आलो. साधारण यंत्रांची जोडी लावून उत्तम यंत्रणा उभी करता येते, ही या सगळ्या विद्येची मूळ कल्पना आहे.

मात्र या गुणाकारात एक अट दडलेली आहे. दोन्ही सर्व्हर एकमेकांशी काहीही संबंध नसलेल्या कारणांनी बंद पडले पाहिजेत. समजा दोघांचीही वायर एकाच नेटवर्क स्विचमध्ये गेली आहे आणि तो स्विच ९९.९ टक्के वेळ चालतो. त्या एका डब्याचे पावणेनऊ तास आपल्या ५३ मिनिटांत मिसळतात आणि वर्षाचा हिशोब साडेनऊ तासांच्या पुढे जातो. तिसरा, चौथा सर्व्हर आणला तरी हा हिशोब पावणेनऊ तासांच्या खाली येणार नाही.

२. ज्याला जोडीदार नाही, ते शोधायचं

म्हणून पहिलं काम शोधाशोधीचं. विजेपासून पडद्यापर्यंतच्या वाटेवर कोणती वस्तू एकटी आहे? चांगल्या सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात. ते दोन वेगवेगळ्या यूपीएसवरून घेतले तरच त्यांचा उपयोग. दोन्ही प्लग एकाच पट्टीत खोचलेले असतील तर दुसरा पॉवर सप्लाय नुसता शोभेला आहे. वीज गेल्यावर डिझेल जनरेटर सुरू होऊन भार घेईपर्यंत मधला वेळ यूपीएसनं निभवायचा असतो. बॅटऱ्या जुन्या झाल्या असतील तर नेमका तोच वेळ निभत नाही. एसीकडेही दुर्लक्ष होतं. बऱ्याच ठिकाणी सर्व्हर यूपीएसवर असतात आणि एसी नसतो. मग जनरेटर रुसला की सर्व्हर चालू राहतात, खोली तापत जाते आणि थोड्या वेळानं दोन्ही नोड स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात. एकाच कारणानं, एकाच वेळी.

अमेरिकेतल्या डेल्टा एअर लाइन्सला हा धडा ८ ऑगस्ट २०१६ रोजी मिळाला. अटलांटामधल्या त्यांच्या डेटा सेंटरमध्ये विजेच्या यंत्रणेतला एक भाग निकामी झाला. बदली वीजपुरवठा होता. पण सुमारे ७,००० घटकांपैकी ३०० च्या आसपास त्या बदली पुरवठ्याला नीट जोडलेलेच नव्हते, असं कंपनीच्या प्रमुखांनी नंतर सांगितलं. बाकीची हजारो यंत्रं शाबूत असूनही पुढच्या तीन दिवसांत दोन हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली.

वायरी आणि वीज निदान डोळ्यांना दिसतात. सॉफ्टवेअर दिसत नाही. दोन्ही नोडवर एकाच रात्री एकच सदोष पॅच चढवला, की दोघंही एकाच ओळीवर अडखळतात. म्हणून जाणकार माणसं आधी एक नोड अद्ययावत करतात, काही दिवस त्याच्यावर काम चालवून बघतात आणि मगच दुसऱ्याला हात लावतात.

३. जोडीदार जिवंत आहे, हे कळतं कसं?

वीज वेगळी केली, वायरी वेगळ्या केल्या. आता दोन नोड एकमेकांकडे लक्ष ठेवून आहेत. प्रत्येक नोड ठरावीक वेळानं ‘मी आहे’ असा एक छोटा संदेश पाठवतो. याला हार्टबीट म्हणतात. संदेश यायचे थांबले की समोरचा गेला असं समजायचं.

ही पद्धत जुनी आहे. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या टँडेम कंपनीनं कधीही न थांबणारा संगणक विकायचा, एवढ्याच ध्येयावर धंदा उभा केला. त्यांचं पहिलं यंत्र १९७६ मध्ये सिटीबँकेकडे गेलं. त्यात प्रत्येक प्रोसेसर साधारण दर सेकंदाला इतरांना आपली खबर देई आणि दर दोन सेकंदांनी इतरांची खबर आली का ते तपासलं जाई.

पण किती वेळ वाट पाहायची? खबर येईना म्हणून दोन सेकंदांत काम हिसकावून घेतलं, आणि समोरचा नोड मेलेला नसून कामाच्या ओझ्यानं फक्त मंदावलेला निघाला, तर आपण उगाच गोंधळ उडवून दिला. दोन मिनिटं थांबलो, तर तोवर सगळी रांग खोळंबली. या वेळेचा एकच बरोबर आकडा नाही. शिवाय त्याहून खोल अडचण पुढेच आहे. शांतता म्हणजे मृत्यूच असतो असं नाही. समोरचा मेला, समोरचा हळू झाला आणि मधली वायर तुटली, या तिन्ही प्रसंगांत आपल्याला दिसतं ते एकच : खबर आली नाही. नोड कितीही हुशार केला तरी त्याच्या जागेवर बसून या तिघांतला फरक त्याला खात्रीनं सांगता येत नाही.

४. पुरात अडकलेल्या दोन शाखा

नदीच्या दोन काठांवर एकाच पतसंस्थेच्या दोन शाखा आहेत असं समजा. खातेवहीची एकेक प्रत दोन्हीकडे आहे आणि प्रत्येक नोंद फोन करून दुसऱ्या शाखेला कळवायची असा नियम आहे. पूर येतो. पूल पाण्याखाली जातो, फोन बंद पडतो. अलीकडचा कारकून म्हणतो, ‘पलीकडची शाखा बुडालेली दिसते, आता सगळं मलाच सांभाळायला हवं.’ पलीकडचाही मनाशी तेच म्हणतो. एका संयुक्त खात्यात १०,००० रुपये आहेत. मुलगा अलीकडून ८,००० काढतो, वडील पलीकडून ७,००० काढतात. दोन्ही वह्या आपापल्या जागी अगदी बरोबर आहेत. पूर ओसरून त्या शेजारी ठेवल्या की कळतं, खात्यातून ५,००० रुपये जास्तीचे गेले. कोणती नोंद खरी मानायची आणि कोणती खोडायची?

क्लस्टरमध्ये या अवस्थेला स्प्लिट ब्रेन म्हणतात. मी तर म्हणेन, यंत्रणा बंद पडण्यापेक्षा हे वाईट. बंद पडलेली यंत्रणा पुन्हा सुरू करता येते. दोन दिशांना वाहून गेलेली आकडेवारी पुन्हा जुळवायला आठवडे जातात आणि काही नोंदी कधीच जुळत नाहीत.

यावरचा उपाय तिसऱ्या मतात आहे. दोन्ही काठांवरून दिसेल अशा टेकडीवर संस्थेचा एक माणूस बसवायचा. त्याच्याकडे ना वही, ना रोकड. तो फक्त साक्षीदार. ज्या शाखेचा त्याच्याशी संपर्क होईल आणि ज्या शाखेला तो होकार देईल, तिनं कामकाज चालू ठेवायचं. होकार तो एकाच शाखेला देणार. दुसरीनं शटर ओढायचं. क्लस्टरमध्ये अशा बहुमताला कोरम म्हणतात. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या १९८३ च्या व्हॅक्सक्लस्टरमध्ये नोडना मतं देण्याची अशी सोय होती. आजही लहान क्लस्टरमध्ये दोन मोठ्या सर्व्हरांसोबत एक किरकोळ ताकदीचं यंत्र केवळ मत देण्यापुरतं ठेवतात.

मतांचं गणित सोपं आहे, पण चकवणारं. तीन मतांत बहुमत दोनचं, म्हणजे एक नोड गेला तरी चालतं. चार मतांत बहुमत तीनचं, म्हणजे तिथेही एकच गेलेला चालतो. चौथ्या यंत्राचे पैसे गेले, सोसण्याची ताकद तेवढीच राहिली. पाच घेतले तर दोन गेलेले चालतात. म्हणून क्लस्टरमध्ये मतांचा आकडा विषम ठेवतात.

आणि या साक्षीदाराला बसवायचं कुठे? दोन नोडपैकी एकाच्याच खोलीत बसवला, तर त्या खोलीची वीज जाताच दोन मतं एकदम गेली. उरलेला नोड धडधाकट असूनही बहुमताअभावी थांबणार. ही चूक वरवर बघून लक्षात येत नाही, कारण आराखड्यात तीन चौकोन नीट काढलेले असतात.

आता रांगेतल्या त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हातात आलं. बहुमत नसलेला नोड चालू असतो, त्याच्याजवळ माहिती असते, समोर गिऱ्हाईक असतं, तरी तो मुद्दाम काम थांबवतो. हे बिघाडाचं लक्षण मानू नये. त्या क्षणी तेच त्याचं कर्तव्य असतं.

एक पेच अजून उरतोच. समजा एक कारकून नोंद लिहिता लिहिता भोवळ येऊन पडला. तोवर दुसऱ्या शाखेनं रीतसर होकार मिळवून काम हाती घेतलं. तासाभरानं पहिला शुद्धीवर आला, मधे काय झालं याचा त्याला पत्ता नाही, आणि त्यानं अर्धी राहिलेली नोंद पूर्ण केली. संगणकांत असं खरंच घडतं. गोठलेला सर्व्हर अचानक हलतो आणि रखडलेली जुनी माहिती सामाईक डिस्कवर लिहून टाकतो. त्यामुळे काम हाती घेण्याआधी नवा नोड जुन्याची वीजच तोडतो, किंवा डिस्कपर्यंतची त्याची वाट बंद करतो. याला फेन्सिंग म्हणतात. ज्याच्या मरणाची खात्री करता येत नाही, त्याला आधी निश्चितपणे बंद करायचं आणि मगच त्याच्या खुर्चीत बसायचं. ऐकायला निर्दय वाटतं, म्हणून काही ठिकाणी ही सोय बंद करून ठेवतात. सामाईक डिस्क असलेल्या क्लस्टरमध्ये तसं करणं म्हणजे सगळी मेहनत पाण्यात घालणं.

५. ‘लिहिलं’ म्हणजे कुठे लिहिलं?

दोन ठिकाणी माहिती ठेवायच्या दोन रीती आहेत. पहिलीत नोंद दोन्हीकडे उतरेपर्यंत ग्राहकाला ‘झालं’ असं सांगायचं नाही. हिला सिंक्रोनस म्हणतात. एकही नोंद हरवत नाही, पण दोन्ही ठिकाणं जवळ असावी लागतात आणि मधली लाइन मंदावली की सगळंच मंदावतं. दुसऱ्या रीतीत इथे लिहून लगेच ‘झालं’ म्हणायचं आणि प्रत मागाहून पाठवायची. ही असिंक्रोनस. काम झपाट्यानं होतं, अंतर कितीही चालतं. मात्र नेमका त्या क्षणी बिघाड झाला, तर वाटेवरच्या नोंदी अडकतात.

या दोन्ही रीती किती महाग पडू शकतात, त्याची दोन उदाहरणं पाहू.

गिटहब ही जगभरचे प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ती सेवा २०१८ साली स्वतःच्या सर्व्हरांवर चालत होती. मुख्य डेटा सेंटर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, दुसरं पश्चिम किनाऱ्यावर. २१ ऑक्टोबरला एक नादुरुस्त ऑप्टिकल उपकरण बदलताना पूर्वेकडचा संपर्क तुटला. फक्त ४३ सेकंद. पण तेवढ्यात नोडची मतं मोजणाऱ्या सॉफ्टवेअरनं उरलेल्यांचं बहुमत जमवलं आणि डेटाबेसचा कारभार पश्चिमेकडे सोपवला. त्यानं नियमाबाहेर काहीच केलं नाही. अडचण अशी, की पूर्वेकडच्या शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी पश्चिमेला पोचल्याच नव्हत्या, आणि चूक लक्षात येईपर्यंत पश्चिमेकडे सुमारे ४० मिनिटांच्या नव्या नोंदी जमल्या होत्या. दोन वह्या. गिटहबनं वेगापेक्षा नोंदी वाचवण्याला महत्त्व दिलं. सगळं पूर्ववत व्हायला २४ तास ११ मिनिटं लागली. माझ्या मते त्यांचा निर्णय योग्य होता. वेळ गेला, पण लोकांनी विश्वासानं ठेवलेली माहिती त्यांनी टाकून दिली नाही.

दुसरं उदाहरण मुंबईचं. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी नॅशनल स्टॉक एक्स्चेंजनं सगळे व्यवहार थांबवले. एक्स्चेंजची मुख्य यंत्रणा वांद्रे-कुर्ला संकुलात आणि जवळचं बदली केंद्र कुर्ल्याला. एकही नोंद हरवू नये म्हणून या दोन जागांमध्ये प्रती ठेवण्याची व्यवस्था होती, आणि मधल्या लाइन दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडून घेतलेल्या होत्या. एक्स्चेंजच्या खुलाशाप्रमाणे, वाटेवरच्या खोदकामामुळे आणि बांधकामामुळे दोन्ही लाइन अस्थिर झाल्या. त्याचा परिणाम म्हणून मुख्य जागेतली स्टोअरेज यंत्रणा, म्हणजे अनेक सर्व्हर मिळून वापरतात ती सामाईक डिस्कव्यवस्था, सर्व्हरांना मिळेनाशी झाली. जोखीम तपासणारी यंत्रणा त्या स्टोअरेजवर होती. सौद्यांची जोखीम मोजता येत नसताना बाजार चालू ठेवणं धोक्याचं, म्हणून बाजारच थांबवावा लागला. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते दुपारी पावणेचारला.

मला या घटनेतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मुख्य यंत्रणेची इमारत आणि वीज जागेवर होती. बिघडला तो बदली केंद्राकडे जाणारा रस्ता, आणि त्यानं मुख्य केंद्राला खाली खेचलं. शिवाय, दोन कंपन्यांची बिलं वेगळी असली तरी दोन्ही लाइनना एकाच परिसरातली खोदाई भोवली. पहिल्या भागातल्या गुणाकाराची अट इथेच मोडली.

६. माणसाचा हात

टँडेममध्ये काम करणारे जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये कंपनीच्या ग्राहकांकडच्या बिघाडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. यंत्रणा का थांबल्या? ४२ टक्के वेळा देखभाल, मांडणी आणि चालवण्याशी संबंधित कारणं, २५ टक्के सॉफ्टवेअर, १८ टक्के हार्डवेअर, १४ टक्के वीज वगैरे बाहेरची कारणं. तिथलं हार्डवेअर जोडीनं लावलेलं असल्यामुळे त्याचा वाटा इतका घटला होता. उरला तो मुख्यतः माणूस. ग्रे यांना पुढे १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

माणसाच्या चुकीपुढे क्लस्टर हतबल असतो, कारण तो आज्ञाधारक असतो. कोणी चुकून एक तक्ता पुसला, तर ती पुसापुसी दुसऱ्या नोडवरही तत्परतेनं पोचते. खंडणीखोर व्हायरसनं कुलूपबंद केलेल्या फायलींचीही अशीच इमानदार प्रत निघते. म्हणून क्लस्टर असला तरी वेगळा बॅकअप हवाच, आणि तो नेटवर्कपासून तोडून ठेवलेला हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे सराव. कधीही न वापरलेला फेलओव्हर चालेल, हा निव्वळ समज असतो. एक्स्चेंजच्या २०२१ च्या त्या प्रसंगानंतर बाजारांची नियामक संस्था असलेल्या सेबीनं शेअर बाजारांसाठी नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा थांबली तर ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज पुन्हा उभं करायचं. यातल्या पहिल्या आकड्याचं मोल मोठं आहे. ‘अजून पाच मिनिटांत होईल दुरुस्त’ असं म्हणत निर्णय लांबणीवर टाकण्याची वृत्ती त्यानं रोखली जाते. २ मार्च २०२४ ला, शनिवारी, बाजारांनी खास सत्र भरवून खरे व्यवहार चालू असताना मुख्य केंद्रावरून दूरच्या बदली केंद्रावर उडी घेऊन पाहिली.

७. लहान संस्थेनं काय करावं?

पन्नास खाटांचं रुग्णालय किंवा दोन-चार शाखांची सहकारी बँक यांनी एवढं सगळं करावं का? आधी दोन प्रश्नांची उत्तरं लिहून काढावीत. काम किती वेळ थांबलेलं चालेल? आणि किती वेळाच्या नोंदी हरवलेल्या चालतील? रुग्णालयात बिलिंग तासभर थांबलं तर पावतीपुस्तकावर भागतं. औषधांच्या नोंदी हरवलेल्या मात्र चालत नाहीत. बँकेत एकही नोंद हरवून चालत नाही, पण काउंटर अर्धा तास थांबलेलं लोक सोसतात. उत्तरं वेगळी, म्हणून यंत्रणाही वेगळी.

ज्या संस्थेत संगणकाचं काम एकच माणूस बघतो, तिथे मी क्लस्टरचा आग्रह धरणार नाही. एक चांगला सर्व्हर, धडधाकट यूपीएस, दर महिन्याला प्रत्यक्ष उलगडून पाहिलेला बॅकअप आणि तो ज्यावर चढवता येईल असं दुसरं यंत्र, एवढ्यावर काही तासांत काम सुरू होतं. कोणालाच न कळणारा क्लस्टर त्याहून जास्त वेळ खातो.

ज्यांना क्लस्टर लागतोच, त्यांनी तो बसवून घेताना पुरवठादाराला चार गोष्टी विचाराव्यात. तिसरं मत कुठे बसवलंय? जुन्या नोडची वीज कोण आणि कशी तोडणार? दोन्ही लाइन इमारतीत कुठून शिरतात? आणि बदली नोडवर गेलेलं काम मूळ नोडवर परत आणायची रीत काय? चौथा प्रश्न बहुतेकदा विसरला जातो, आणि गिटहबचे तास परतीच्याच वाटेवर खर्च झाले होते. उत्तरं मिळाली की पैशांचा शेवटचा हप्ता देण्याआधी एखाद्या रविवारी कर्मचाऱ्यांसमोर मुख्य नोडची केबल उपसून बघावी, मग साक्षीदाराची, मग दोन नोडच्या मधली, आणि प्रत्येक वेळी काय झालं ते वेळेसकट वहीत टिपून ठेवावं.